पुसणाऱ्यानं वाचू नये

त्यांच्या सर्व्हरमधून एकाही खेळाडूची माहिती कधी बाहेर फुटली नाही. एकदाच फुटली, आणि ती माझ्या तोंडातून. ज्यांच्यासमोर फुटली ते सोडले, तर हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच नाही. ते अजून माळनाक्याजवळच्या त्या वरच्या मजल्यावर स्वतःच्या प्रोग्रॅममधलं भोक शोधत बसलेले असतात. डोळे अधू झालेत, म्हणून दर रविवारी सकाळी मी जातो आणि त्यांना प्रोग्रॅमच्या ओळी वाचून दाखवतो. नसलेलं भोक शोधायला मी त्यांना मदत करतो. असा मी आहे. आता त्यांच्याविषयी.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्यात भीडभाड काही नाही. स्वतःचं नाव कुठं लिहिलेलं दिसलं की त्या माणसाला पायावरून गोम गेल्यासारखं होतं. दारावर पाटी नाही. कुरिअरवाला खालूनच "वरचा मजलाऽऽ" अशी हाक मारतो. पाकीट आलं की आधी त्यावरची नावाची चिठ्ठी फाडायची, ती पाण्याच्या बंबात टाकायची, मग आत काय आलंय ते बघायचं. लग्नाच्या पत्रिकेचा नाव असलेला कोपरा कात्रीनं कापायचा आणि उरलेली पत्रिका टेबलावर ठेवायची. एखाद्या लग्नाला गेलेच, तर लाउडस्पीकरवर आहेराची नावं पुकारायला सुरुवात झाली की हे चपला शोधायला लागायचे. "जेवून तरी जा," कुणी म्हणालं, तर म्हणायचे, "जेवण बरं असेल. पण ढेकर कुणी दिला तेही पुकारतील."

रत्नागिरीत असं वागणाऱ्या माणसाला लोक वेडा म्हणतात, आणि मी पण बरीच वर्षं तेच म्हणत होतो. कारण आमच्याकडची रीत वेगळी. माणूस भेटला की दुसऱ्या वाक्याला "गाव कुठला?" आणि तिसऱ्याला "कुणाचा तू?" पाचव्या वाक्यापर्यंत त्याच्या आजोळच्या बांधावरचं आंब्याचं कलम कुणी तोडलं इथवर आपण पोचलेलो असतो. याला आपण माणुसकी म्हणतो. ते याला हुंगणं म्हणायचे. "कुत्रंही हुंगतं," ते म्हणायचे, "पण हुंगून झालं की गप्प बसतं. गावभर सांगत नाही."

न्हाव्यानं विचारावं, "काय, आज कुठं दौरा?" यांचं उत्तर, "पुढं." रिक्षावाल्यानं विचारावं, "दवाखान्यात काय, बरं नाही वाटतं?" यांचं उत्तर, "रिक्षा बरी आहे ना तुझी? मग चालव."

मी त्यांच्याकडे कामाला गेलो तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. सकाळी इंटरनेटच्या वायरी ओढायचो, दुपारी रिकामा. कुणीतरी सांगितलं की वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला कॉम्प्युटरची मशिनं सांभाळायला माणूस हवाय. गेलो.

"वायर ओढता येते?"

"येते."

"ऐकलेलं विसरता येतं?"

"म्हंजे?"

"म्हणजे येत नाही. शिकशील. उद्या दुपारपासून ये."

मी माझं नाव सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी पोलिसानं गाडी थांबवावी तसा हात वर केला. "राहू दे. मला काय करायचंय त्याचं?" तेव्हापासून मी फिटर. आजही फिटरच. माझं नाव त्यांना ठाऊक आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. मी त्यांना साहेब म्हणतो.

ते टेलिफोनच्या खात्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी ट्रंककॉल जोडायला बसायचे. मुंबईला गेलेला नवरा, गावातली बायको, बोटीवर गेलेला मुलगा, इस्पितळातून निरोप देणारा मेहुणा, सगळं जिल्ह्याचं रडणं आणि भांडण त्यांच्या कानावरून गेलेलं. लाईन नीट लागली की नाही एवढंच ऐकायचं असा नियम होता. त्यांचे सोबती पुढचंही ऐकायचे आणि संध्याकाळी नाक्यावर चहाबरोबर वाटायचे. यांनी काही वाटलं नाही. एकदा म्हणे खुद्द त्यांच्या वडिलांनी विचारलं, शेजाऱ्याला मुंबईहून फोन आला तो कुणाचा? यांनी सांगितलं, "तारेचा." वडील आठ दिवस बोलले नाहीत. साहेब ही गोष्ट सांगताना अजून खूश होतात. मला तेव्हा वाटायचं, केवढा हा कोरडा माणूस.

अशा माणसानं निवृत्तीनंतर काय करावं? त्यानं मेंढीकोट काढला. पत्त्यांचाच, पण मोबाईलवरचा. चार जणांनी चार ठिकाणी बसून खेळायचा, दोन-दोन भिडू, ज्यांच्याकडे दहिले जास्त ते जिंकले. पुस्तकं आणून, डोळे फोडून, साठीच्या पुढं प्रोग्रॅम लिहायला शिकले. खेळ फुकट, जाहिरात नाही. पेन्शनीतून चालायचा. मुंबईला असलेले, बोटीवर असलेले, गावात उरलेले, शे-दोनशे लोक दुपारच्या वेळी खेळायचे. कोकणी माणसाला फुकट मिळालेल्या गोष्टीत खोड काढायला फार आवडतं, त्यामुळे खेळ लवकर नावारूपाला आला.

पहिल्या वेळी त्यांनी सरळ पद्धत ठेवली होती. चौघांचे मोबाईल एकमेकांना थेट जोडलेले. त्यात खेळ झटपट चालतो, पण ज्याला थोडं कळतं त्याला समोरच्याचा आयपी अ‍ॅड्रेस दिसतो, म्हणजे इंटरनेटवरच्या त्याच्या जोडणीचा नंबर. मूळचा सावर्ड्याकडचा, मुंबईत राहणारा एक शहाणा होता. हरायला लागला की समोरच्याच्या नंबरावर इंटरनेटवरून एवढा कचरा ओतायचा की त्याची लाईन गुदमरून बंद पडायची. एका दहिल्यासाठी! घोडा झालेला माणूस, दोन पोरांचा बाप. एकदा त्यानं लोट्याला कंपनीत पाळीवर काम करणाऱ्या एका माणसाची लाईन अशीच बंद पाडली. त्या माणसाच्या घरी त्या वेळी मुलीची ऑनलाइन परीक्षा चालू होती. ती अर्ध्यावर गेली.

तो माणूस फोनवर रागावला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, आम्ही खेळायला आलो व्हतो. घर उघडं टाकायला न्हाय."

साहेबांनी त्याच दुपारी खेळ बंद केला. मी म्हटलं, "अहो, एका माणसासाठी? आणि नुसता आकडा तर आहे तो."

"तुझ्या घराची किल्ली पण नुसतं लोखंडच आहे. दे इकडे."

दोन महिने बसून त्यांनी सगळं नव्यानं लिहिलं. आता कुणाचाच मोबाईल कुणाला जोडायचा नाही. प्रत्येकानं आपलं पान आमच्या सर्व्हरकडे द्यायचं, सर्व्हरनं ते बाकीच्यांना द्यायचं. कोण कुठून खेळतो हे फक्त वरच्या मजल्यावरच्या दोन जुन्या मशिनांना ठाऊक. खेळ अर्थात मंदावला. तक्रारी आल्या. "साहेब, पान पडेपर्यंत चहा होतो." साहेबांचं उत्तर ठरलेलं, "मग चहा प्या. घाई असेल त्यानं एसटी पकडावी."

नावंही बंद केली. खेळायला आलेल्याला सर्व्हर एक मासा आणि आकडा द्यायचा. मांदेली चार, तारली बारा. गप्पांनाही बंदी. पडद्यावर सहाच वाक्यं: वा, काय हे, हुकूम बोला, चुकलो, जरा थांबा, उद्या. मी म्हटलं, लोकांना बोलावंसं वाटतं. ते म्हणाले, "लोकांना बोलावंसं नाही वाटत, विचारावंसं वाटतं. सहा वाक्यांत प्रश्न एकच आहे बघ, आणि त्याला उत्तर लागत नाही."

एका खेळाडूनं फोन करून सांगितलं, मला बोंबील एकवीस नको, सुरमई द्या, मी मानाचा माणूस आहे. साहेब म्हणाले, "मासा निवडून हवा असेल तर हर्णैला लिलावाला जा." आणि फोन ठेवला. हा बोंबील एकवीस लक्षात ठेवा.

एकदा एका पुढाऱ्याचा भाचा दोघांना घेऊन जिना चढून आला. कुणा पापलेटानं त्याला सलग पाच दिवस कोट दिला होता. म्हणजे चारही दहिले पळवले होते.

"त्या पापलेटचा नंबर पायजे."

"कशाला?"

"ओळख करून घ्यायचीय."

"पापलेट पाण्यात असतं," साहेब म्हणाले. "बाहेर काढलं की मरतं. चहा घेणार?"

भाच्यानं मामाचं नाव सांगितलं. साहेबांनी कानांवर हात ठेवले. खरोखरच ठेवले, लहान मुलासारखे. "नाव सांगू नकोस, मला विसरायला त्रास होतो. हे बघ, कोर्टाचा कागद आण. सही, शिक्का. मग देईन. आणि देण्याआधी त्याला कळवीन की तुझी माहिती मागायला कुणीतरी आलंय. नाहीतर जिना उतरायला तेवढाच आहे, जेवढा चढलास."

तिघे उतरून गेले. खाली माझी स्कूटर होती, तिची सीट जाताना फाडली. साहेबांना मी सीट दाखवली. ते म्हणाले, "सीट शिवता येते." मला तेव्हा त्यांचा एवढा राग आला होता. गमावायचं ते नेहमी दुसऱ्याचं, आणि तत्त्व यांचं.

तरीही कोण कुठून खेळला याची नोंद मशीन ठेवतंच. काही बिघडलं तर शोधायला लागते. त्याला आम्ही लॉग म्हणायचो. हा लॉग रोज दिवेलागणीला पुसायचा. साहेब देवापुढं निरांजन लावायचे आणि मला आतून ओरडून सांगायचे, "फिटर, पूस." दुसऱ्या दिवसापर्यंत कालचं काही उरता कामा नये. लॉग पुसण्याचं काम माझं, आणि त्या कामाचा नियम एकच. पुसणाऱ्यानं वाचू नये. हा नियम त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितला, दुसऱ्यांदा कधी सांगितला नाही. मशिनानं पुसलं असतं की आपोआप, मी म्हटलं होतं. ते म्हणाले, "मशिनानं पुसलं तर मशीन विश्वासू. माणूस कधी होणार?"

मी वाचायचो. पहिल्या महिन्यापासून. मला सगळे मासे पाठ होते.

आता माझ्या गावाचं सांगतो, कारण तिथं हे फुटलं. गावाचं नाव नको. आमची वाडी साठेक घरांची. वाडीच्या टोकाला एक घर आहे, तिथल्या माणसाला मी काका म्हणतो. काकांना वाडीनं वाळीत टाकलेलं. कारण असं की वरच्या सड्यावर, म्हणजे गुरं चरतात त्या कातळाच्या माळावर, जांभ्या दगडाची चिरेखाण काढायची ठरली, आणि काकांनी तहसीलदाराकडे अर्ज दिला की सडा सगळ्यांच्या गुरांचा आहे, खाण नको. चिरेखाणीत वाडीच्या अध्यक्षाचा हात होता. बैठक बसली, ठराव झाला. काकांशी कुणी बोलायचं नाही, गिरणीत त्यांचं दळायचं नाही, शिमग्याला पालखी त्यांच्या दारी न्यायची नाही. असं करायला कायद्यानं बंदी आहे. कायदा तालुक्याच्या गावी असतो. वाडीत अध्यक्ष असतो.

काकांचा मुलगाही लोट्याला कामाला. त्यानं आईबापांना मोबाईल दिला आणि इंटरनेटची जोडणी घ्यायला सांगितलं. जोडायला मी गेलो. तर वाडीतल्या एकानंही आपल्या अंगणावरून वायर नेऊ दिली नाही. माणसाला वाळीत टाकतात हे ऐकलं होतं. वायरलाही टाकतात ते तेव्हा पाहिलं. शेवटी मी मळ्याच्या पलीकडच्या दुसऱ्या वाडीच्या खांबावरून वायर ओढली. भातखाचरांवरून, चार बांबू रोवून. त्या वाडीत इंटरनेटचा डबा बसला होता, पण जोडणी अजून कुणी घेतलेली नव्हती. म्हणजे पलीकडच्या डब्याच्या नंबरावरून जगात एकच घर बोलत होतं. माझ्या काकांचं.

मेंढीकोट त्यांना मीच मोबाईलवर घालून दिला. "तिथं कुणाला कळत नाही तुम्ही कोण," मी सांगितलं. काका साहेबांशी फोनवरही बोलले, खात्री करायला. साहेब म्हणाले, "तुम्ही कोण ते मलाही नको. मासा घ्या आणि बसा." काकांना ढोमा सात मिळाला.

आणि रोज संध्याकाळी लॉग पुसताना मी वाचू लागलो. ढोमा सात, पलीकडच्या डब्यावरून. त्याचा नेहमीचा भिडू, बोंबील एकवीस. हा बोंबील आमच्याच वाडीच्या डब्यावरून. आमच्या वाडीत मानाचा माणूस म्हणवणारा आणि सुरमई मागणारा एकच प्राणी होता. अध्यक्ष.

वर्षभर! वर्षभर ही जोडी रोज दुपारी दोन तास बसायची. एका अंगणाच्या गडग्यावरून दुसऱ्याच्या गडग्यावर दगड टाकावा एवढ्या अंतरावर दोघं, रस्त्यात समोर आले तर एक थुंकून वळायचा, आणि दुपारी एकमेकांचे दहिले वाचवायचे. काका सांगायचे, "माजा भिडू लय दिलदार हाय. चुकला की लगेच 'चुकलो' टाकतो." अध्यक्षाला वाडीत कुणी 'चुकलो' म्हणताना ऐकलं नव्हतं. काकू एकदा हळूच म्हणाल्या, "हल्ली जेवतात नीट. दुपार कधी व्हतेय बघत बसतात." त्या घरात दिवसभरात येणारी दुसऱ्या माणसाची खूण तेवढीच होती. सहा वाक्यं.

हे मला माहीत होतं. हे माहीत असून पुढचं केलं.

त्या वर्षी शिमग्याला गावी गेलो. दुपारची वेळ, पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसवलेली, वाडीतले पंचवीस-तीस पुरुष सावलीला. अध्यक्षानं मला पुढं बोलावलं.

"काय रं, टोकाच्या घराला वायर तू ओढलीस?"

"कंपनीचं काम होतं."

"कंपनी देवाच्या वर हाय काय?"

कुणीतरी हसलं. "रत्नांग्रीला ऱ्हातो तो, मोटा मानूस झाला," दुसरा म्हणाला.

"मोटा झाला तर मोटा नारळ ठेव," अध्यक्ष म्हणाला. "ठेव नि चुकलो म्हन."

मी ठेवला. म्हटलं. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, घरी बायको, शहरात स्वतःची खोली, आणि पंचवीस लोकांसमोर कान धरल्यासारखा उभा राहून चुकलो म्हणालो. काकांसाठी एक शब्द बोलायची ती वेळ होती. ती मी घालवली.

अध्यक्ष खूश झाला. मला शेजारी बसवून घेतलं, मोबाईल काढला. "तुमच्या त्या म्हाताऱ्याचा ख्येळ बाकी झकास हाय. ह्यो बग माजा भिडू. ढोमा सात. असला खेळाडू जिल्ह्यात न्हाय. हुकूम कसा राखतो! मुंबैचा कोन तरी बँकेतला सायब असनार. खानदानी मानूस. पानावरनं कळतं."

मला त्याची जिरवायची होती. दुसरं काही नाही. काकांचा कळवळा नव्हता, न्याय नव्हता, काही नव्हतं. नारळ ठेवायला लावला त्याचा सूड हवा होता, आणि तोंडात तो तयारच होता.

"तुमचा बँकवाला," मी मोठ्यानं म्हणालो, "वाडीच्या टोकाला बसलाय. पलीकडच्या खांबावरनं खेळतो. वायर मीच ओढलीय ना."

आधी कुणाला कळलं नाही. मग मागून एक जण फुसकन हसला, मग दुसरा, मग सहाणेवरचे सगळे. "आयला, अध्यक्ष! वरीसभर मांडीला मांडी लावून!" "म्हंजे ठराव मोडलात की ओ तुमी! ठेवा आता नारळ!" अध्यक्षाचं तोंड उकडलेल्या बोंबलासारखं झालं. त्यानं मोबाईल मांडीखाली सरकवला. तेवढा वेळ मला जे सुख झालं ते खोटं कशाला सांगू, फार मोठं होतं.

अशा सुखाचं बिल हसणारे कधी भरत नाहीत. अध्यक्षाची शोभा झाली, म्हणून शिक्षा काकांना. चोरून पंगतीत बसला असं ठरलं. वाडीतल्या सगळ्यांनी मेंढीकोट मोबाईलवरून काढून टाकला. पलीकडच्या वाडीला निरोप गेला, आणि चौथ्या दिवशी खांबाजवळ वायर कोयत्यानं छाटलेली होती.

जोडायला मीच गेलो. पलीकडच्या वाडीतला एक जण तिथं उभा होता. "फिटर, आमच्या खांबावरनं नको बाबा. आमाला त्यांच्यात ऱ्हायचंय." मी वायर गुंडाळून काकांकडे गेलो. ते पडवीत बसले होते. चोरून पंगतीत बसल्याचा ठपका त्यांच्या कानावर आला होता, पण सहाणेवर कोण बोललं ते सांगायला त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं.

"लाईन गेली ती गेली," काका म्हणाले. "पन त्यांना कळलं कसं? तुमचं सायब तर म्हनाले व्हते, मलापन कळनार न्हाय."

काकू दाराआड उभ्या होत्या. मी म्हणालो, "बघतो."

बघतो! माणूस खून करून आला तरी आमच्याकडे म्हणेल, बघतो.

काकांनी त्याच संध्याकाळी, मी वरच्या मजल्यावर परतलो तेव्हा, मुलानं दिलेल्या मोबाईलवरून साहेबांना फोन लावला. "मी ढोमा सात बोलतोय," म्हणाले, आणि झालेलं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला. मग खुर्ची माझ्याकडे वळवली. निरांजन लावायचं राहिलं होतं.

"फिटर, तू कुठं काही बोललास?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे पुन्हा पाहिलंही नाही. एकदा विचारलं, एकदा उत्तर मिळालं, संपलं. "मग प्रोग्रॅममध्येच आहे," ते म्हणाले, आणि मशिनाकडे वळले. ज्या माणसानं साऱ्या गावाला हुंगणारं कुत्रं म्हटलं, त्यानं माझ्या एका शब्दावर स्वतःला गुन्हेगार ठरवलं. एवढा हुशार माणूस इतका मूर्ख असू शकतो यावर माझा अजून विश्वास बसत नाही. आणि तो मूर्खपणा माझ्या वाट्याला यावा, हा तर कहरच.

आठवड्यानं त्यांनी खेळ कायमचा बंद केला. बंद करताना सगळ्या माशांना एक निरोप पाठवला. मी टाइप केला, त्यांनी सांगितला. "तुम्ही कुठून खेळता हे कुणाला कळणार नाही असं मी सांगितलं होतं. एका खेळाडूच्या बाबतीत ते कळलं. कसं ते मला सापडलेलं नाही. जोवर सापडत नाही तोवर तुम्हाला बोलावण्याचा मला हक्क नाही. चूक माझी आहे." शेवटचं वाक्य टाइप करताना माझा हात थांबला. "काय झालं?" "काही नाही, बोट घसरलं." टाइप केलं.

त्यानंतर चार वर्षं झाली. त्यांनी सगळा प्रोग्रॅम कागदावर छापून घेतला, दोन मोठे गठ्ठे. मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं झाली, एक बिघडलं. आता मी वाचतो, ते डोळे मिटून ऐकतात आणि मध्येच बोट वर करतात. "ही ओळ परत." मी परत वाचतो. "नाही, बरोबर आहे. पुढं." गेल्या महिन्यात पहिल्यांदा म्हणाले, "फिटर, मला वाटतं मला हे यायला नकोच होतं. उगाच लोकांना शब्द दिला." मी त्यांच्यासाठी चहा केला.

काकांकडेही जातो. पुढं काकू आजारी पडल्या, तेव्हा शेजारून कुणी आलं नाही. मी रत्नागिरीहून गाडी घेऊन गेलो. गाडी नेऊन मोकळा झालो असं मला वाटलं होतं. काका परवा म्हणाले, "तुज्या सायबावर राग न्हाय माजा. पन त्यांनी फशिवलं." मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, त्यांना कळलं नसावं. मला कळलं. हो म्हणून.

हे सगळं इथं लिहायचा धीर कसा झाला तेही सांगून टाकतो. साहेबांना आता वाचता येत नाही, आणि काकांकडे पेपर-मासिक काही येत नाही. शूर माणूस आहे मी.

येता रविवार आहेच. वरच्या मजल्यावर जाऊन सांगायचं आहे की प्रोग्रॅम बरोबर होता, मी बोललो होतो, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. मग गावी जाऊन काकांना सांगायचं आहे की साहेबांनी नाही, मी फसवलं. एवढं मी त्या दोघांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.